ऑर्ग-मोडमधला कोड आणि अनडूचा घोळ: काही महिने वापरल्यावर

रावेरच्या केळीच्या बागेचा सगळा हिशेब मी ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या ऑर्ग-मोडमध्ये, म्हणजे नोंदी आणि कोड एकत्र ठेवायच्या सोयीत, ठेवतो. मृगबाग, कांदेबाग या केळीच्या दोन लागवड-हंगामांच्या नोंदी मराठीत, आणि त्यांच्या खालीच घडांचं वजन, क्विंटलचा भाव, मजुरी यांचा मेळ घालणारे पायथॉन भाषेतल्या कोडचे छोटे ब्लॉक. सगळं एकाच फाइलीत मिळतं, त्यामुळे बाकीच्या कटकटी चालवून घेतो. अनडूची, म्हणजे केलेला बदल मागे घेण्याची, कटकट मात्र नव्या माणसाला हमखास घाबरवते.

ब्लॉकवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी आणि मग एकेरी अवतरणचिन्ह दाबलं की कोड वेगळ्या बफरमध्ये, म्हणजे ईमॅक्समधल्या संपादनाच्या वेगळ्या जागेत, उघडतो. तिथे अनडू छान, पायरीपायरीने चालतं. तीच बटणं दाबून परत आलं की ते बफर बंद होतं आणि त्याचा अनडू-इतिहासही पुसला जातो. आता मूळ फाइलीत अनडूसाठी कंट्रोल-स्लॅश दाबलं, की तासाभरात ब्लॉकमध्ये केलेलं सगळं एका फटक्यात मागे जातं. नको असते एक ओळ, जातं सगळं. धुळ्याचा मित्र फोनवर वैतागून म्हणाला, "भाऊ, हा तर बग आहे!" बग नाही. बफर दोन, म्हणून इतिहासही दोन.

गेलेलं परत मिळतं, हे आधी लक्षात घ्या. ईमॅक्समध्ये अनडूचंही अनडू होतं: कंट्रोल-जी दाबून साखळी तोडायची आणि पुन्हा कंट्रोल-स्लॅश. ईमॅक्स 28 पासून रिडूची, म्हणजे मागे घेतलेला बदल परत आणण्याची, वेगळी आज्ञाही आहे.

माझा रोजचा उपाय साधा आहे. कोडच्या बफरमध्येच अधूनमधून कंट्रोल-एक्स कंट्रोल-एस, म्हणजे सेव्ह, करतो. प्रत्येक वेळी तेवढा बदल मूळ फाइलीत उतरतो, म्हणून तिथे मागे जायला टप्पे मिळतात. सगळंच फसलं असेल तर नेहमीच्या बटणांनी परत न येता कंट्रोल-सी कंट्रोल-के दाबून बदल टाकून द्यायचे; ब्लॉक शेवटचा सेव्ह होता तसाच राहतो.

खरी कामाची गोष्ट मला उशिरा सापडली, आणि ती कुणी सांगत का नाही कोण जाणे. कोड बदलल्यावर वरच्या निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) नोंदीत भर घातली, आणि मग कोडच मागे न्यायचाय? फक्त ब्लॉक सिलेक्ट करून अनडू करा. नोंदींना धक्काही लागत नाही.

परत येताना ओळींपुढे दोन स्पेस लागलेल्या दिसतात. पायथॉनमध्ये ओळीपुढच्या जागेला अर्थ असतो, तरी पायथॉनवाल्यांनी दचकू नये, सगळ्या ओळी सारख्याच सरकतात. आणि एखादा आकडाच बदलायचा असेल तर वेगळं बफर उघडूच नका, मूळ फाइलीतच बदला.