गुदाशयाचा एमआरआय: पुण्यातील एका निदान केंद्राचा अनुभव

वडिलांना गुदाशयाचा कर्करोग असल्याचे बायोप्सीतून स्पष्ट झाल्यावर, रोग लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या लहान गाठींपर्यंत) पोहोचला आहे का, हे शल्यविशारदांना जाणून घ्यायचे होते. आधी रेडिएशन व केमोथेरपी द्यावी की थेट शस्त्रक्रिया करावी, हा निर्णय काही अंशी त्यावर अवलंबून असतो.

त्यासाठी ज्या केंद्रात एमआरआय केला, त्याच्या जाहिरातीत ३ टेस्ला (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्राचा बराच गाजावाजा आहे. माझ्या मते या सेवेचे खरे मोल यंत्रात नसून तपासणीची आखणी करणाऱ्या तंत्रज्ञात आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टमध्ये आहे. तंत्रज्ञाने कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट आधी मागून घेतला, गाठ कोणत्या उंचीवर आहे ते पाहिले आणि त्या जागी गुदाशयाच्या अक्षाला काटकोनात ३ मिलिमीटर जाडीचे छेद घेतले. हे छेद तिरके पडले तर भिंतीबाहेर सरकलेल्या रोगाचा अंदाज चुकू शकतो. आतड्याची हालचाल थांबवणारे इंजेक्शन का देत आहेत, हेही वडिलांना नीट समजावून सांगितले.

रिपोर्टमधील लसिकाग्रंथींचा परिच्छेद मला विशेष आवडला. ‘काही ग्रंथी दिसतात’ असे मोघम न लिहिता प्रत्येक संशयित ग्रंथीचा आखूड व्यास, तिची कडा आणि आतील पोत यांची नोंद होती. युरोपीय रेडिओलॉजिस्टांच्या २०१६ च्या सहमतीनुसार ९ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी ग्रंथी संशयित धरतात; ५ ते ९ मिलिमीटरच्या ग्रंथीत गोलाई, वेडीवाकडी कडा आणि असमान पोत यांपैकी दोन लक्षणे लागतात, तर त्याहून लहान ग्रंथीत तिन्ही. केवळ मोजपट्टी लावणारा रिपोर्ट इथे फसतो, कारण लहान ग्रंथीतही रोग असू शकतो आणि मोठी ग्रंथी नुसत्या सुजेनेही वाढलेली असू शकते. ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीलगतच्या ग्रंथींचाही स्वतंत्र उल्लेख होता, आणि तो आवश्यकच असतो, कारण नेहमीच्या शस्त्रक्रियेत त्या सहसा काढल्या जात नाहीत.

खटकले ते स्वागतकक्षातील बोलणे. ‘डिफ्युजनमध्ये कर्करोगाच्या ग्रंथी आपोआप चमकतात,’ असे तिथे सांगण्यात आले. डिफ्युजन म्हणजे ऊतींतील पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारी एमआरआयची चित्रे; त्यांत निरोगी ग्रंथीही चमकतात. त्यामुळे ग्रंथी शोधणे सोपे होते, पण ती रोगट आहे का, हे त्यावरून ठरत नाही. रेडिओलॉजिस्टबाईंनी हे स्वतःहून मान्य केले.

लोहाचे सूक्ष्म कण शिरेवाटे देऊन हा भेद दाखवण्याचे तंत्र अस्तित्वात आहे. निरोगी ग्रंथीतील पेशी ते कण गिळतात व ग्रंथी काळी दिसते, रोगट भाग मात्र उजळच राहतो. प्रोस्टेटच्या रुग्णांवरील २००३ च्या अभ्यासात या तंत्राची संवेदनशीलता (रोगट ग्रंथी अचूक पकडण्याचे प्रमाण) ग्रंथीगणिक ९०.५ टक्के आढळली, तर साध्या एमआरआयची ३५.४ टक्के, तरीही या औषधासाठी युरोपात केलेला परवान्याचा अर्ज २००७ मध्ये मागे घेतला गेला. केंद्राने देऊ केलेल्या ‘प्रगत’ पॅकेजमध्ये असे काही नव्हते, त्यात केवळ गॅडोलिनियम या चित्रातील फरक ठळक करणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन होते, आणि गुदाशयाच्या पहिल्या तपासणीत ते सरसकट लागत नाही. त्यामुळे ते पॅकेज घेण्यापूर्वी आपल्या शल्यविशारदांना अवश्य विचारावे.

फिल्मसोबत सीडी मात्र मागितल्यावरच मिळाली. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर फिल्म पुरत नाही, म्हणून पैसे भरतानाच सीडीची मागणी नोंदवावी.