बडोद्याच्या दांडिया बाजारातला मशिनिस्टचा रविवारचा क्लास, स्पीड-फीड डोक्यात बसवायचं असेल तर जा

मागच्या उन्हाळ्यात मकरपुरा जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत) एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो होतो, आयटीआय मशिनिस्टची २ वर्षं झालेली, ॲप्रेंटिस पण झालेलं, आणि पहिलाच प्रश्न आला की ५० एमएम चा एमएस (माइल्ड स्टील) बार आहे, टूल एचएसएस (हाय स्पीड स्टील), आरपीएम (मिनिटाला फेरे) किती ठेवशील? फॉर्म्युला पाठ होता, पाय डी एन भागिले १०००, तो घडाघडा म्हटला. साहेब म्हणाले फॉर्म्युला नको, आकडा सांग. आणि कटिंग स्पीड (मिनिटाला किती मीटर मटेरियल टूलपुढून जातं तो) किती धरायचा तेच मला माहीत नव्हतं. दोन वर्षात कोणी विचारलंच नाही हो, मशीनवर उस्ताद सांगेल तो गिअर टाकायचा एवढंच.

मग मावसभावाने हा क्लास सांगितला. टूलरूममधून रिटायर झालेले काका घेतात, ६ रविवार, सकाळी ८ ते ११, फी १८०० रुपये. मराठी, गुजराती दोन्ही मुलं असतात त्यामुळे काका निम्मं इकडे निम्मं तिकडे बोलतात, दोघांनाही कळतं.

पहिल्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. एक ५० चा बार घेतला, त्यावर सुतळीचा एक वेढा दिला, तो सोडून पट्टीवर मोजायला लावला, १५७ मिलिमीटर. मग म्हणाले टूलपुढून मिनिटाला ३० मीटर सुतळी जायला पाहिजे, एमएसवर एचएसएसला साधारण एवढं धरा, तर किती वेढे लागतील? भागाकार केला, १९१. हाच तुझा आरपीएम. नंतर २५ चा बार काढला, वेढा निम्मा झाला म्हणजे फेरे दुप्पट लागणार, हे आम्हीच बोललो, त्यांना सांगावं लागलं नाही. तेव्हापासून स्पीड आणि आरपीएम यात माझा कधी घोळ झाला नाही. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसेल तर ३२० गुणिले स्पीड भागिले डाया, म्हणजे १९२ येतं, तेवढा फरक चालतो कारण मशीनवर तसाही जवळचा खालचा गिअरच मिळतो.

तिसऱ्या रविवारी ओळखीच्या शेडमध्ये लेथवर नेतात आणि माझ्या मते १८०० रुपये त्या एका दिवसातच वसूल आहेत. २०० डायाची प्लेट, आरपीएम २०० फिक्स, कार्बाइडच्या टूलने (हे एचएसएसपेक्षा कडक) बाहेरून सेंटरपर्यंत फेसिंग मारली, म्हणजे समोरचा सपाट भाग कापला. मग प्रत्येकाला नख फिरवून बघायला लावलं. बाहेर गुळगुळीत, चमक आहे, आणि आत आत येत गेलं की नख अडकायला लागतं, मटेरियल ओरबाडल्यासारखं दिसतं. बाहेर स्पीड १२५ मीटर होता, ५० डायावर आल्यावर ३१ राहिला, सेंटरला शून्य. स्पीड पडला की मटेरियल टूलच्या टोकाला चिकटतं आणि फिनिश जाते. सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) जी ९६, म्हणजे डाया बदलला तरी कटिंग स्पीड तोच ठेवणारा कोड, का लागतं हे मला त्या प्लेटवर कळलं, आणि सेंटरकडे येताना आरपीएम भलताच वाढू नये म्हणून जी ५० ने लिमिट का बांधायचं तेही.

फीडचा, म्हणजे एका फेऱ्याला टूल किती पुढे सरकतं त्याचा, भाग पण छान घेतात. फीडचा वर्ग भागिले (८ गुणिले नोज रेडियस, म्हणजे टूलच्या टोकाची गोलाई), ०.२ मिलिमीटर फीड आणि ०.८ रेडियसला टूलच्या रेघांची सव्वासहा मायक्रॉनची खोली येते, फीड निम्मा केला की खोली पाव होते. म्हणून फिनिश पाहिजे तर आधी फीडकडे बघायचं. पण एसएसवर (स्टेनलेस स्टील) घाबरून फीड अगदीच कमी ठेवला तर टूल कापण्याऐवजी घासतं, वरचा थर कडक होतो आणि पुढचा कट अजून अवघड. टूल लाइफचं (टूल किती वेळ टिकतं त्याचं) टेलरचं समीकरण सगळ्यांना पाठ असतं, काकांनी आकडे घालून दाखवलं की कार्बाइडला स्पीड २० टक्के वाढवला तर लाइफ निम्म्यावर येतं, एचएसएसला तर पावाच्याही खाली. प्रॉडक्शन वाढवायला स्पीड वाढवू का फीड, या प्रश्नाचं उत्तर इथून मिळतं.

आता तक्रारी. खोली लहान, आम्ही २२ जण होतो, मागच्यांना फळा नीट दिसत नाही. सीएनसी एका दिवसात उरकलं, जी ९६ सोडून बाकी घाईतच गेलं. आणि झेरॉक्स नोट्समध्ये मिलिंगच्या फीडमध्ये दातांची संख्याच राहून गेलीय. १० चा ४ दातांचा कटर, स्पीड २५, आरपीएम ७९६, दर दाताला ०.०५ धरलं तर १५९ मिलिमीटर प्रति मिनिट यायला पाहिजे, नोट्सप्रमाणे ४० येतं. मी दाखवल्यावर काकांनी लगेच मान्य केलं, पण पुढच्या बॅचला तीच झेरॉक्स वाटली. काका, हे प्लीज बदला, टेस्टमध्ये मुलांचे मार्क जातात यात.

नंतर सावलीकडे इंटरव्ह्यू झाला. एम १० चा टॅप (भोकात आटे पाडायचं टूल), पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५, आरपीएम २००, फीड किती? मिनिटाला ३०० मिलिमीटर, कारण टॅपला फीड आपण ठरवत नाही, पिच ठरवतो. मग इन्सर्टचा (टूलला लावायच्या कार्बाइडच्या टिकल्यांचा) डबा हातात दिला, त्यावरची स्टीलसाठीची निळ्या रंगातली स्पीडची रेंज मी वाचून दाखवली. ड्रिलनंतर रीमरला (भोक अचूक मापाला आणायचं टूल) स्पीड कमी आणि फीड जास्त का, तेही विचारलं. तिथेच लागलोय आता.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. ७:४५ लाच पोचा म्हणजे पुढची जागा मिळेल, साधा कॅल्क्युलेटर न्या (मोबाईल बाहेर ठेवायला लावतात), आणि शेडच्या दिवशी सेफ्टी शूज घालूनच जा, आमच्यातल्या एकाला चपलेमुळे दारातूनच परत पाठवलं होतं.