तामियाची १/३५० फ्लेचर डिस्ट्रॉयर किट : पैसे वसूल, फक्त घाई करू नका

दारव्ह्याकडच्या खेड्यात राहतो, इथं मॉडेल किटचं दुकान कुठून येणार बाप्पा, म्हणून ऑनलाईन मागवली. कुरिअरवाला म्हणे गावात येत नाही, तालुक्याला जाऊन आणा, अन् खोक्याचा कोपरा चेपलेला. आतले पार्ट मात्र सगळे धड निघाले.

ही खरी फ्लेचर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी विनाशिका (डिस्ट्रॉयर), न्यू जर्सीत कर्नीच्या फेडरल शिपयार्डात बनली. २ ऑक्टोबर १९४१ ला कील, म्हणजे जहाजाचा तळाचा कणा, टाकली, मधात पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला, अन् ३ मे १९४२ ला जहाज पाण्यात, म्हणजे सात महिने! त्याच दिवशी तिथूनच रॅडफोर्ड नावाची तिची बहीणही उतरवली. ३० जूनला फ्लेचर नौदलात दाखल पण झाली. अशा १७५ बांधल्या, विचार करा किती वेल्डर, किती रात्रपाळ्या लागल्या असतील.

तळ अन् डेक जोडून झाला की एक दिवस थांबाच भाऊ. जहाज पाण्यात सोडतात तेव्हा ते पूर्ण नसतंच, बराचसा साज नंतर धक्क्याला बांधून चढवतात, हे पुस्तकात वाचून नाही पण हातात तो रिकामा डेक धरला की बरोब्बर समजते. मले तर सगळ्यात जास्त हेच आवडलं.

१/३५० म्हणजे खऱ्या जहाजाच्या साडेतीनशेव्या भागाएवढं, म्हणून तयार मॉडेल जेमतेम ३३ सेंटीमीटर. पाच तोफा, पाच-पाच नळ्यांचे दोन टॉर्पेडो माउंट, अन् तोफेची नळी गव्हाच्या कुसळाएवढी, ती फ्रेममधून मोडून काढायची नाही, निप्परनं (बारीक कटरनं) थोडं लांबून कापायची अन् मग बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं. गोंद अन् रंग वेगळे घ्यावे लागतात, तो खर्च आधीच धरा. झटपट चिकटणारा गोंद नको, पांढरे डाग पडतात, प्लास्टिकचं पातळ सिमेंटच घ्या. आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी रंग ब्रशवरच सुकतो म्हणून रात्री बसा, अन् कूलर बंद करून, नाहीतर बारके पार्ट उडून जातात मग खाटेखाली शोधत बसा.

किंमत जड आहे, खोटं कशाला बोलू, पण जोड इतके नेमके बसतात की पुट्टी जवळपास लागतच नाही. बारक्या पोट्ट्यांना एकटं देऊ नका, दहावीच्या पुढच्यांना बिनधास्त द्या.

आता कोणीतरी याच मापात आपली जुनी आयएनएस राजपूत काढावी राव. तीही युद्धातलीच, १९४२ मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइडबँकला ब्रिटिश नौदलाची रॉदरहॅम म्हणून उतरलेली, १९४९ ला आपल्याकडं आली, अन् १९७१ ला विशाखापट्टणमसमोर पाकिस्तानी पाणबुडी गाझी बुडाली तेव्हा तिथं तीच होती. निघाली तर पहिली ऑर्डर माझी.