दिवाळीच्या सुट्टीत कॅरिबियनमधे डायव्हिंग, ते पण हरिकेन सीझनला: कोथरूडच्या प्लॅनरचा रिव्ह्यू

शाळांना मोठी सुट्टी दिवाळीतच, ताई-भावोजी ह्यूस्टनला, आणि सगळ्यांनी मिळून कुठेतरी डायव्हिंग करायचं हे कधीपासून नुसतं व्हॉट्सॲपवरच चाललेलं. अडचण अशी की अटलांटिकचा हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे आपली दिवाळी बरोब्बर त्यात येते. बाकी एजंटांनी कॅनकून आणि जमैकाची पॅकेजं पुढे केली, स्वस्त होती, पण ऑक्टोबरात ती स्वस्त का असतात हे कुणी बोललं नाही. कोथरूडचं हे छोटं ऑफिस फक्त डायव्हिंगच्याच ट्रिपा करतं. तिथल्या मॅडमनी हॉटेलचे फोटो दाखवायच्या आधी विचारलं की फ्लाइट रद्द झाल्या तर किती दिवस जास्त अडकून राहणं तुम्हाला चालेल, आणि पैसे बुडाले तर किती सोसतील. मला तिथेच बरं वाटलं.

कॅनकून, कोझुमेल, जमैका ऑक्टोबरात देणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं. सीझनचा जोर १० सप्टेंबरच्या आसपास सगळ्यात जास्त, पण ऑक्टोबरातही पश्चिम कॅरिबियनचं पाणी तापलेलं असतं आणि वादळं तिथे तयार होतात. २००५ च्या ऑक्टोबरात विल्मा कोझुमेलवर आलं आणि त्या भागातनं एक दिवसाहून जास्त हललंच नाही. त्याऐवजी त्यांनी सुचवलं बोनेर बेट. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटर, १२ अंश उत्तर अक्षांशावर, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली. पण "तिथे काही होतच नाही" असं एकदाही म्हणाल्या नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९९९ च्या नोव्हेंबरात लेनी पश्चिमेकडून पूर्वेला उलटं गेलं, बोनेरपासून बरंच लांबून, तरी लाटांनी पश्चिम किनाऱ्याची रीफ, म्हणजे पाण्याखालची प्रवाळं, फोडली, आणि बहुतेक सगळं डायव्हिंग त्याच बाजूला. २०२४ मधे बेरिल १ जुलैलाच ग्रेनडाच्या कॅरिआकू बेटावर आदळलं, तेही दक्षिणेलाच. म्हणजे धोका कमी, शून्य नाही, आणि पोरं बरोबर असताना हे कुणीतरी तोंडावर सांगायलाच हवं.

फ्लाइटचा विचार तर मी केलाच नसता असा. मायामीवरून जाता आलं असतं, पण आपलं बेट सुरक्षित असलं तरी मधला विमानतळ बंद पडू शकतो. म्हणून आम्ही मुंबई-ॲम्स्टरडॅम-बोनेर, आणि ताईकडचे ह्यूस्टनहून थेट, म्हणजे एकाच वादळाने दोन्ही घरं अडकणार नाहीत.

विमा त्यांनी बुकिंगच्या दिवशीच घ्यायला लावला. वादळाला एकदा नाव पडलं की बहुतेक पॉलिसींच्या लेखी ते आधीपासून माहीत असलेलं संकट, त्यानंतर घेतलेला विमा त्या वादळासाठी उपयोगाचा नाही. डायव्हिंगचा विमा वेगळा, कारण साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत डीकंप्रेशन चेंबरचा, म्हणजे खोलातून वर येताना त्रास झालेल्या डायव्हरवर जास्त दाबाखाली उपचार करतात त्या खोलीचा, खर्च येईलच असं नाही. बोनेरवर असा चेंबर आहे हेही त्यांनी आपणहून सांगितलं, आईला याचाच सगळ्यात जास्त दिलासा.

आता मुलांचं. धाकटा ११ वर्षांचा, त्याला ज्युनिअर ओपन वॉटर या मुलांच्या डायव्हिंग सर्टिफिकेटमधे १२ मीटर खोलीची मर्यादा आणि पाण्यात बरोबर सर्टिफाइड पालक किंवा इन्स्ट्रक्टर पाहिजेच. मुलगी १५ ची, ती १८ मीटरपर्यंत. थिअरी घरी ऑनलाइन केली, पूलमधली सगळी सेशन्स पुण्यात, आणि समुद्रातल्या टेस्ट डाइव्ह रेफरलवर, म्हणजे पुण्यातल्या ट्रेनिंगचे कागद दाखवून, बोनेरला, म्हणजे सुट्टीचे दिवस पूलमधे गेले नाहीत. पूलवरचे सर खूपच चांगले. धाकट्याला मास्कमधे पाणी घेऊन ते नाकाने बाहेर टाकायचं जमत नव्हतं, घाबरत होता, तर त्यांनी त्याला अजिबात घाई केली नाही, उथळ बाजूला गुडघ्यावर बसवून तेच तेच करून घेतलं आणि शेवटी तो स्वतःच म्हणाला की सर आता खोल बाजूला. बायकोला लहानपणी दमा होता, तर मेडिकल फॉर्मवर डॉक्टरची सही आणल्याशिवाय तिला पाण्यात उतरवलं नाही. तिला राग आला होता, मला मात्र तेच योग्य वाटलं. आणि बोनेर मुलांसाठी का, तर किनाऱ्यावरनं चालत आत जायचं, रीफचा उतार बऱ्याच ठिकाणी १० मीटरच्या आसपासच सुरू होतो, १२ मीटरवाल्या पोराला पण सगळं दिसतं. बोटीवर ओकाऱ्या नाहीत.

पाणी साधारण २९ अंश, वारा पडलेला, डास भरपूर. २०२५ च्या २१ ऑक्टोबरला, आपल्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, मेलिसा वादळाला नाव मिळालं, उत्तरेकडे मधल्या कॅरिबियनमधे. मॅडमचा पुण्यातनं त्याच दिवशी मेसेज, मायामीच्या हरिकेन सेंटरच्या नकाशासकट, आणि खाली लिहिलेलं की नकाशातला तो शंकूसारखा पट्टा फक्त वादळाचं केंद्र कुठून जाईल ते सांगतो, लाटा-पाऊस त्याच्या बाहेरही येतात, तेव्हा पाण्यात जायचं का ते रोज सकाळी तिथल्या डाइव्ह शॉपला विचारूनच ठरवा. तिथून निघेपर्यंत रोज मेसेज येत होते. ताईबरोबर भाऊबीज झाली, किती वर्षांनी समोरासमोर. निघायच्या आधी पूर्ण एक दिवस कोरडा ठेवलेला, कारण बरेच दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास लागतात. आम्ही घरी आलो आणि २८ तारखेला मेलिसा कॅटेगरी ५, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं, होऊन जमैकावर आदळलं. टीव्हीवर ती गावं बघून पोटात गोळा आला, तिथल्या लोकांचं काय झालं असेल.

नावडलेलं सांगतो. पहिल्या कोटेशनमधे बोनेरचा एंट्री टॅक्स, मोठ्या माणसाला ७५ डॉलर, आणि मरीन पार्कची ४० डॉलर नेचर फी धरलीच नव्हती. तिथे फिरायला घेतलेल्या पिकअप ट्रकच्या भाड्यावर विमा वेगळा तेही तिथे गेल्यावर कळलं. सहा-सात जणांच्या कुटुंबाला हा आकडा छोटा नाही. रविवारी फोन उचलत नाहीत. शाकाहारी जेवणाचं फार नीट सांगितलं नव्हतं, किचनवालं अपार्टमेंट होतं म्हणून निभावलं, पिठलं-भात आणि पुण्यातनं नेलेला फराळ.

सर्व्हिस चार्ज बाकीच्यांपेक्षा जास्त आहे, मला तो पटला. जाणार असाल तर जूनमधेच भेटा, मुलांचं पूल ट्रेनिंग गणपतीच्या आधी उरकतं, आणि कोटेशन घेताना टॅक्स, पार्क फी, ट्रक सगळं एकाच कागदावर लिहून मागा, मागितलं की देतात.