रस्त्यावरचा जुना गाळा की संकुलातली जागा? आगीचा कायदा डोळ्यांसमोर ठेवून

धंद्यासाठी जागा बघताना भाडं, डिपॉझिट, वर्दळ सगळं तपासलं जातं. आगीची जबाबदारी कोणाची, हे मात्र करारावर सही होईपर्यंत कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. तो मालकाबरोबर भोगवटादारालाही, म्हणजे प्रत्यक्ष जागा वापरणाऱ्यालाही, बांधतो. ‘मी भाडेकरू आहे’ म्हणून सुटका होत नाही.

रस्त्यावरचा गाळा स्वस्त पडतो, आणि दारातून थेट बाहेर निघता येतं हा त्याचा खरा मोठा फायदा. पण पोटमाळा असला की तो फायदा संपतो. १८ डिसेंबर २०१७ ला मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या गाळ्याला पहाटे आग लागली आणि १२ कामगार गेले. पोटमाळा कोसळला, माणसं आतच अडकली. म्हणून पोटमाळा मंजूर नकाशात आहे का, हे आधी बघा. तिथे कामगारांना झोपवायचा विचार असेल तर ती जागा घेऊच नका. शिवाय वायरिंग, अग्निशामक सिलिंडर, त्यांचं वेळेवर रिफिलिंग, सगळं बहुतेक वेळा तुमच्याच गळ्यात पडतं.

संकुलात हायड्रंट (आग विझवायला पाण्याची जोडणी), स्प्रिंकलर (आग लागली की छतातून पाणी फवारणारे), दुसरा जिना असं बरंच आयतं मिळतं. खर्च मेंटेनन्समधून जातो. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. शेवटचं कधीचं आहे ते मागा. टाळाटाळ झाली तर पुढची जागा बघा. आणि इंटिरिअर करताना फॉल्स सीलिंगमागे स्प्रिंकलर झाकू नका, जिन्यात माल रचू नका. साकीनाक्यानंतर अकराच दिवसांनी कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागून १४ जण गेले. पत्ता मोठा म्हणून जागा सुरक्षित ठरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. भट्टी, तळण, गॅस असेल तर भाडं जास्त पडलं तरी दोन जिने असलेलं, फॉर्म बी दाखवणारं संकुल घ्या. स्टेशनरी किंवा किराणा असेल तर पोटमाळा नसलेला जुना गाळा पुरेसा आहे. दोन्हीकडे लीव्ह अँड लायसन्स करारात यंत्रणेची देखभाल आणि प्रमाणपत्राचा खर्च कोणाचा, हे सहीआधी लिहून घ्या.