हरिश्चंद्रगडावर मुक्काम: पाचनईने चढावं की नळीच्या वाटेने?

सहा मित्र, दोन दिवस, कोकणकड्याजवळ तंबू. इथपर्यंत भाच्याचं सगळं ठरलंय, घोडं अडलंय ते वाटेवर. मी दोन्हीकडून चढलोय, म्हणून लिहितो.

वेळ: गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावाहून रमतगमत दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचता. नळीची वाट कोकणातल्या बेलपाड्यातून थेट सह्याद्रीची भिंत चढते. अख्खा दिवस धरा.

ओझं: खरा फरक इथे पडतो. नळीत मोठाले धोंडे, सुटी घसरडी खडी आणि मधेमधे दोर लावून चढायचे कातळटप्पे. पुढच्याच्या बुटाखालून निसटलेला नारळाएवढा दगड टणाटण उड्या मारत खाली येतो, तेव्हा पाठीवर पंधरा किलोची सॅक असेल तर चटकन बाजूला होता येत नाही. हेल्मेट हवंच, शिवाय माणशी चार-पाच लिटर पाणी. पाचनईने जाणार असाल तर तंबूसुद्धा नेऊ नका. गडावर गावकरी भाड्याने देतात, गरम पिठलं-भाकरीही मिळते.

पावसाळ्यात नळीचा विचारच नको. ती पाण्याचीच वाट आहे.

डोंगरात पहिल्यांदाच मुक्काम करणारं कुणी सोबत असेल तर पाचनई. सगळ्यांना दोराची सवय असेल आणि बेलपाड्यातला माहीतगार बरोबर घेणार असाल, तर डिसेंबर-जानेवारीत नळी. उतरा मात्र पाचनईनेच, आणि गाडी आधीच तिकडे बोलावून ठेवा.