खानावळ उत्तम, पदार्थांचा क्रम मात्र चुकलेला

यवतमाळहून आर्णीकडे जाताना रस्त्यालगत लागणाऱ्या या खानावळीत मेनूकार्ड नाही आणि भिंतीवर फळाही नाही. वाढपी टेबल पुसता पुसता एका दमात म्हणून टाकतो, "पाटोडी-रस्सा, शेवभाजी, आलू-वांगे, डाळकांदा, गोळाभात, भरीत, मटर-पनीर, झुणका-भाकर." जेवण चांगले आहे, हे आधीच सांगतो. पाटोडीच्या वड्या रश्श्यात विरघळत नाहीत, तर्री झणझणीत असूनही पोटाला त्रास देत नाही आणि ज्वारीची भाकर तव्यावरून थेट ताटात येते. तक्रार आहे ती या यादीच्या क्रमाबद्दल.

यादी ऐकून झाल्यावर बहुतेक लोक पाटोडी तरी मागतात, नाहीतर झुणका. मानसशास्त्रज्ञ बेनेट मर्डॉक यांनी १९६२ साली १० ते ४० शब्दांच्या याद्या लोकांना ऐकवून जे आठवेल ते सांगायला लावले, तेव्हा सुरुवातीचे आणि त्याहूनही अधिक शेवटचे शब्द टिकले, मधले गळाले. पहिले शब्द मनात घोळवायला सवड मिळते आणि शेवटचे कानात ताजे असतात, असे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते. पुढे १९६६ मध्ये ग्लान्झर आणि कुनित्झ यांनी यादी संपल्यावर ३० सेकंद आकडे मोजायला लावले, तर शेवटच्या शब्दांचा फायदा नाहीसा झाला, सुरुवातीच्यांचा मात्र राहिला. इथेही वाढप्याला गल्ल्यावरून हाक आली आणि मंडळी कापसाच्या भावावर बोलू लागली की झुणकाही विसरला जातो आणि सगळे "पाटोडीच आणा" म्हणून मोकळे होतात. पुन्हा विचारावे, तर तो पुन्हा पाटोडीपासूनच सुरू करतो.

यात नुकसान होते ते गोळाभाताचे, आणि माझ्या मते तोच इथला सर्वोत्तम पदार्थ आहे. भरड वाटलेल्या चणाडाळीचा गोळा बोटाने सहज मोडतो, आत कोरडा राहत नाही, आणि त्यावर मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी ताटातच ओतली जाते. मालकांनी तो यादीच्या आरंभी आणावा. ते जमत नसेल, तर वाढप्याने त्यापाशी क्षणभर थांबून "आज गोळाभात ताजा आहे" एवढे वेगळ्या सुरात म्हटले तरी पुरे, कारण इतरांपासून वेगळी पडणारी गोष्ट मधे असूनही लक्षात राहते, हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्येच दाखवले आहे.

गोळाभातासोबतची कढी मात्र आठवणीने मागावी लागते, कारण ती यादीत मुळीच नाही.